पटाबाहेरचा प्रश्न

खेळिया : बुद्धिबळाच्या पटासमोर बसलेलं आठ-नऊ वर्षांचं पोर तुम्ही कधी नीट पाहिलंय का? हात घोड्याकडे जातो, वाटेत थांबतो आणि मागे येतो. मला त्या थांबलेल्या हाताचं फार कौतुक वाटतं. मनात आलं ते लगेच करायचं नाही, आधी समोरच्याच्या जागी जाऊन बसायचं, तिथून आपली खेळी कशी दिसते ते पाहायचं आणि मग ठरवायचं, हे शाळेच्या कुठल्या तासाला शिकवतात? त्यात पुन्हा मोहऱ्याला हात लावला की तो हलवावाच लागतो. आपण केलेलं निस्तरायला शिकवणारा याहून साधा नियम मला माहीत नाही. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी मुलांच्या पिढ्या पटावर बसवल्या. त्या सगळ्यांना काही किताब मिळाले नाहीत, पण म्हणून ती मुलं रिकाम्या हातांनी उठली असं कोणी म्हणेल का?

शंकेखोर : मी म्हणेन. निदान हातात काय होतं ते मोजा, एवढं तरी म्हणेन. पोर हात आवरायला शिकलं हे खरं, पण पटावर. संध्याकाळी धाकट्या बहिणीकडून रिमोट हिसकावताना तोच हात थांबतो का? तुम्ही धरून चालता की पटावर कमावलेली अक्कल आपल्या पायांनी पटाबाहेर येते. हे लोकांनी तपासून पाहिलं आहे. 1973 साली चेस आणि सायमन या अमेरिकी संशोधकांनी चांगल्या बुद्धिबळपटूला चालू डावातली मांडणी काही सेकंद दाखवून झाकली. त्याने ती बरीचशी जशीच्या तशी लावून दाखवली, नवख्याला ते जमलं नाही. मग तेच मोहरे पटावर वाटेल तसे विखरून दाखवले, तर उस्तादाची स्मरणशक्ती जवळजवळ नवख्याइतकी झाली. त्याची स्मरणशक्ती वाढलेली नव्हती, बुद्धिबळाशी त्याची ओळख वाढली होती. इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळा निवडून त्यांतल्या निम्म्या शाळांत मुलांना बुद्धिबळ शिकवलं आणि वर्षभर थांबून गणिताची परीक्षा घेतली. निकाल 2016 साली छापला गेला आणि दोन्हीकडच्या मुलांत फरक काही दिसला नाही. प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाड़ी’मधले ते दोन अमीर घ्या. अवधचा नबाब गोऱ्यांच्या ताब्यात जातो आणि हे आपापल्या वजिरासाठी तलवारी उपसतात. दूरदृष्टी होती की त्यांच्याकडे! आठ घरं लांब आणि आठ घरं रुंद.

खेळिया : गणिताचं सोडून देतो. बुद्धिबळाने पोरगं गणितात हुशार होतं, हे क्लासवाल्यांच्या पाटीवरचं वाक्य आहे, माझं नाही. पण तुम्ही प्रयोग काढलेत तर एक माझ्याकडून घ्या. रमाणी आणि सीग्लर या दोघांनी 2008 साली गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना अगदी साधा पट खेळायला दिला. सरळ ओळीत एक ते दहा आकडे, फिरकी फिरवायची आणि मोठ्याने मोजत सोंगटी पुढे न्यायची. पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठकांत त्या मुलांची आकड्यांची समज सुधारली. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेला पट ज्यांना दिला त्यांची सुधारली नाही. म्हणजे पट शिकवतो, पण जे त्याच्या अंगात आहे तेवढंच शिकवतो. आकड्यांचा पट आकडे शिकवील, इतिहास नाही. मग प्रश्न असा उरतो की सगळ्या पटांच्या अंगात सारखं असं काय असतं? मला वाटतं, हार. आणि तीही चारचौघांत झालेली. खेळात दर घटकेला कोणीतरी हरतो, हरल्यावर तिथेच बसून राहतो आणि जिंकलेल्याने पुन्हा मांडलेल्या पटावर पुन्हा सोंगट्या लावतो.

शंकेखोर : हार कुठून आली, त्यावर ती काय शिकवते हे ठरेल ना? सापशिडी घ्या. तिचं मूळ रूप म्हणजे आपला मोक्षपट, परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते. घराघरांत गुणदुर्गुणांची नावं. दया, भक्ती अशा घरातून शिडी वर जाते, क्रोध, लोभ अशा घरात साप गिळतो, आणि वरच्या टोकाला मोक्ष. उपदेश म्हणून झकास. पण खेळणाऱ्याने यात करायचं काय? कवड्या टाकायच्या. दयेच्या घरात तुम्ही दया केलीत म्हणून पोचत नाही, चार पडले म्हणून पोचता. लोभाने गिळलं तेव्हा तुम्ही कुठे लोभी होतात? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा पट इंग्लंडात गेला, पुढे हळूहळू नीतीची नावं पुसली गेली आणि नुसते साप आणि शिड्या उरल्या. नावं गेली तरी खेळात तसूभर फरक पडला नाही. उपदेश पटावर लिहिलेला होता, खेळात नव्हताच.

खेळिया : मला तर त्यात मोक्षपटाचा प्रामाणिकपणा दिसतो. तुमच्या-माझ्या दयेचा हिशेब मांडा कधी. आपण रागीट झालो नाही ते कोणत्या घरात, कोणत्या आईच्या पोटी जन्मलो त्यामुळे किती, आणि आपल्या कर्तबगारीने किती? कवडीला तिचं श्रेय देणारा दुसरा नीतिपाठ दाखवा मला. पण चला, सापशिडीत निवड नाही हे मान्य. मग पचिसी घ्या, अष्टाचंगा घ्या. घासलेले चिंचोके किंवा कवड्या घ्या, दान पडेल ते पडेल, ते आपल्या हातात नाही. कुठली सोंगटी चालवायची, कुठली सुरक्षित घरात बसवून ठेवायची, ते मात्र आपल्या हातात. दर खेपेला दोन्हीची सरमिसळ होते. हजार डाव खेळलेली आजी तुम्हाला सांगते, ‘चाल बरोबर होती रे, दान वाईट पडलं.’ हे वाक्य आपण आयुष्यात किती जणांना म्हणतो? पाऊस वेळेवर येईल अशा हिशेबाने पेरलं आणि पाऊस लांबला, तर गाव म्हणतं, त्याला अक्कल नाही. त्याच दिवशी त्याच अदमासाने पेरलेल्या शेजाऱ्याला वळवाची एक सर मिळाली, तर तो हुशार. पट या दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकवतो. हे शिक्षण लहान नाही.

शंकेखोर : लहान नाही, आणि म्हणूनच ते पटाबाहेर टिकत नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. पटावर कवड्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडतात, बाहेर त्या कोणाला दिसतच नाहीत. आणि दिसल्या तरी? कॅलिफोर्नियात पॉल पिफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दोघादोघांना मोनोपॉली खेळायला बसवलं, म्हणजे आपल्या ‘व्यापार’चा मूळ अवतार. आधी नाणं उडवलं. ज्याचा कौल लागला त्याला सुरुवातीला दुप्पट पैसे, फेरी पूर्ण केल्यावर दुप्पट पगार, आणि फासे दोन. दुसऱ्याला एकच. पक्षपात उघडा होता, दोघांसमोर झाला होता. थोड्या वेळात श्रीमंत गडी सोंगटी जोराने आपटू लागला, खाण्याच्या बशीवर हात मारू लागला, समोरच्याशी तोऱ्यात बोलू लागला. डाव संपल्यावर विचारलं, का जिंकलास? त्याने आपल्या खरेदीच्या युक्त्या सांगितल्या. नाण्याची आठवण काढली नाही. तुमची आजी मोठी बाई, पण ती म्हणाली ते हरलेल्याचं सांत्वन होतं. जिंकलेल्याला ‘चाल साधारणच होती रे, दान चांगलं पडलं’ असं म्हणताना मी अजून कोणाला ऐकलं नाही.

खेळिया : हा घाव बसला. पण मोनोपॉलीची अर्धी गोष्ट सांगून थांबू नका. तो खेळ एलिझाबेथ मॅगी या बाईने काढला आणि 1904 साली त्याचं पेटंट मिळवलं. जमिनीचं भाडं खाणारा वर्ग सगळ्यांना कसा लुबाडतो हे लोकांना हाताने कळावं म्हणून. हेन्री जॉर्ज या अर्थशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की कर लावायचा तर जमिनीच्या किमतीवर लावा. ही बाई त्याची अनुयायी. तिने एकाच पटाला नियमांचे दोन संच केले. एका संचात एकजण सगळ्यांना बुडवून जिंकतो. दुसऱ्यात जमिनीचं भाडं सार्वजनिक पेटीत जातं, आणि सर्वांत कमी पैशांत सुरुवात केलेल्याची रक्कम दुप्पट झाली की डाव संपतो, सगळेच जिंकतात. पट तोच, फासे तेच, माणसं तीच. नियम बदलले की लोभी माणूस शहाणा होतो. पोराने लागोपाठ दोन्ही डाव खेळले तर अर्थशास्त्राची दोन वर्षं वाचतील.

शंकेखोर : आणि पोरांनी कुठला खेळला? 1935 साली पार्कर ब्रदर्सने चार्ल्स डॅरो नावाच्या गृहस्थाकडून हा खेळ घेतला, तोच त्याचा जनक म्हणून मिरवला. मॅगीबाईंचं पेटंट पाचशे डॉलरला विकत घेऊन टाकलं. सगळे जिंकतात तो संच मागे पडला, एकजण बाकीच्यांना कफल्लक करतो तो जगभर गेला. लोभाचे तोटे दाखवायला काढलेला खेळ घरोघरी लोभाची तालीम झाला. यात मला दोन गोष्टी दिसतात. एक, खेळ करणाऱ्याला शिकवायचं असतं ते आणि खेळणारा शिकतो ते यांचा काही करार नसतो. दुसरी जास्त बोचते. समोरच्याला बुडवण्यात गंमत आहे, म्हणून तो नियम टिकला. तुमच्या अष्टाचंगात तरी काय आहे? पुष्कळ घरांत नियम असा की दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आपल्या सोंगटीला आतल्या घरात शिरता येत नाही. नुसतं शहाण्यासारखं, कोणाला न दुखवता फिरत राहिलात, तर फिरतच राहाल.

(इथे लेखकाला मध्ये बोलू द्या. हा नियम लहानपणी आम्हीही पाळला आणि त्यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनात आलं नाही. खेळियाने पुढे जे उत्तर दिलं ते मला पुरेसं वाटत नाही, पण त्याने विषय जिथे नेला तिथे तो आधीच जायला हवा होता.)

खेळिया : नियम काय आहे यापेक्षा तो कोणी ठेवला याकडे पाहा ना. ‘पुष्कळ घरांत’ असं तुम्हीच म्हणालात, म्हणजे काही घरांत नाही. पट मांडण्याआधी पाच मिनिटं भांडण होतं: मारल्याशिवाय आत जायचं की नाही, आठ पडले की पुन्हा दान की नाही, कवडी जाजमाबाहेर गेली तर धरायची का. आणि तो धाकटा, ज्याला धड मोजता येत नाही, त्याचं काय? त्याला कच्चा लिंबू करायचं. तो खेळेल, त्याला दान मिळेल, पण त्याची सोंगटी मारायची नाही. विचार करा, पाच-सहा पोरांनी मोठ्या माणसाला न विचारता ठरवलं की दुबळ्याला खेळाबाहेर काढायचं नाही आणि त्याला चिरडायचंही नाही. विधिमंडळात यावर किती दिवस गेले असते! खेळाचं खरं शिक्षण दान पडण्याआधी होऊन गेलेलं असतं. नियम आकाशातून पडत नाहीत, ते बसून ठरवायचे असतात, आणि एकदा ठरले की आपल्यावर उलटले तरी पाळायचे असतात.

शंकेखोर : कच्चा लिंबू कोणाला करायचं हे कोण ठरवतं? पक्के गडी. ज्या पोराला कच्चं ठरवलं त्याला विचारा, त्यात दया किती आणि ‘तू आमच्यातला नाहीस’ किती. आणि काहींना तर पटाशीच येऊ देत नाहीत. 1976 साली तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत खेळायला बसली, तर केवढा गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि स्त्रियांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही हे जागतिक संघटनेच्या अध्यक्षांना, मॅक्स यूव्ह यांना सांगावं लागलं. पटावरच्या प्याद्याला तेव्हाही मुलगी हलवतेय की मुलगा, याचं सोयरसुतक नव्हतं. पट समतेचा, पटापर्यंतची वाट नाही. आज नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीला जाऊन महिलांचा विश्वचषक घेऊन येते, ती चांगल्या चालींच्या जोरावर. पण तिच्यासाठी जी वाट मोकळी झाली ती कुठल्या चालीने झाली नाही. ती अर्जाने, वादाने आणि निकालाने झाली. पटाबाहेर.

खेळिया : पण तो वाद करायची धमक कुठून आली? पटावर बरोबरीने खेळून ज्याला आपली ताकद कळली, त्यालाच बाहेरची गैरबरोबरी टोचते. इथे नियम सगळ्यांना सारखा आहे, मग तिथे का नाही, हा प्रश्न सुचायला ‘इथे’ आधी पाहिलेलं असावं लागतं. तेवढं तरी पटाचं ऋण माना.

शंकेखोर : थोडं मानतो. पण तुमच्या या सिद्धांताची सर्वांत मोठी परीक्षा हस्तिनापूरच्या सभेत झाली आहे. दुर्योधन म्हणाला, पण मी लावीन, फासे माझ्या वतीने मामा टाकतील. एकाच्या बदल्यात दुसऱ्याने खेळणं युधिष्ठिराला खटकलं, तसं तो बोललाही, आणि तरी बसला. रत्नं गेली, राज्य गेलं, भाऊ गेले, तो स्वतः गेला, मग द्रौपदी. संपूर्ण सभेत नियमाचा खरा प्रश्न कोणी विचारला? तिने. आधी स्वतःला हरले की मला? स्वतःला हरलेला माणूस दुसऱ्या कोणाला पणाला लावू शकतो का? भीष्म म्हणाले, धर्म सूक्ष्म आहे. विकर्ण तिच्या बाजूने बोलला, तर कर्णाने त्याला गप्प केलं. ती खेळाडू नव्हती हे लक्षात घ्या. ती पण होती. पट कधी न मांडलेल्या बाईने नियमाची गाठ अचूक पकडली, आणि द्यूताचा नाद असलेला माणूस खाली मान घालून बसला. पट शिकवतो म्हणता, तर त्या दोघांत शिकलेलं कोण?

खेळिया : युधिष्ठिर नंतर शिकला. वनवासात बृहदश्व ऋषींनी त्याला अक्षविद्या दिली, आणि अज्ञातवासात कंक नावाने विराटाच्या दरबारी त्याने पट मांडूनच दिवस काढले.

शंकेखोर : फासे कसे टाकावे ते शिकला! द्रौपदीचा प्रश्न शिकला का? आणि मधलं विसरू नका. पहिल्या डावानंतर धृतराष्ट्राने सगळं परत दिलं, हे लोक वाटेला लागले, मागून निरोप आला आणि पुन्हा जाऊन बसले. एकदा सर्वस्व हरून दुसऱ्यांदा. पटाची मोहिनी हीच आहे की तो दर खेपेला कोरा होतो. सोंगट्या पुन्हा घरात, पैसे पुन्हा सारखे वाटलेले. बाहेर असं कुठे होतं? तिथे कालच्या डावातलं कर्ज घेऊन आजचा डाव सुरू होतो. लहानपणभर कोऱ्या पटाची सवय लागलेला माणूस गरिबाला सहज म्हणतो, ‘ऊठ, पुन्हा सुरुवात कर.’

खेळिया : कोरा पट खोटा आहे हे मान्य, पण त्यामुळेच तर माणूस हरायला धजावतो. जिथे खरोखर काही जाणार नाही तिथेच पोरगं चूक करून पाहतं. शिवाय पटावर नेहमी जिंकण्यासाठीच बसायचं असतं हे तरी कोणी सांगितलं? खंडोबाच्या लोककथेत देव म्हाळसेशी सारीपाट खेळतो, हरतो, बारा वर्षं घराबाहेर जायचं कबूल करतो आणि थेट चंदनपुरीला बाणाईच्या मेंढरांमागे जातो. वाघ्या-मुरळी ती गोष्ट सांगतात तेव्हा ऐकणारे हसतात, कारण हार म्हणजे त्याला हवी तीच सुटका होती, हे सगळ्यांना दिसतं. नातवाशी खेळताना आजोबा मुद्दाम वजीर देतात, तेही या देवाच्याच घराण्यातले. समोर माणूस असला की पट एवढासा होतो आणि डोळे माणसावर जातात.

शंकेखोर : समोर माणूस असला की! आता समोर कोण असतं? 2020 सालच्या टाळेबंदीत घरोघरी जो लुडो चालला तो फोनवर. नवी मुंबईत तयार झालेल्या एका ॲपने देशभर फासे टाकले. तिथे दान पडण्याआधीची तुमची पाच मिनिटं नाहीत. नियम आतच बसवलेले, कच्चा लिंबू नाही, कवडी जाजमाबाहेर जात नाही, कोणाशी भांडायची सोय नाही. वेळेत चाल केली नाही तर यंत्र तुमची पाळी घेऊन टाकतं. अशा ॲपांवर पैसे लावून खेळणं इतकं वाढलं की 2025 साली संसदेला कायदा करावा लागला, आणि त्यात खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वादच बाजूला ठेवला. पैसे लावलेत की ऑनलाइन खेळ बंद. सरकारला पण कळला, पट नाही. तुम्ही ज्याला शिक्षण म्हणता ते पटात नव्हतंच, भोवती बसलेल्या माणसांत होतं. माणसं उठली, पट उरला, आणि तो एकटा काही शिकवत नाही.

खेळिया : माणसं नुसती एका ठिकाणी बसवून पाहा, पाच मिनिटांत आपापल्या फोनमध्ये जातात. त्यांना एका जाजमावर धरून ठेवायला मध्ये काहीतरी लागतं. पटाचं एवढं काम तरी त्याच्या नावावर लावा. पण तुमच्या सभेच्या गोष्टीने मला वेगळ्याच ठिकाणी अडवलंय. युधिष्ठिर गप्प बसला तो का? भित्रा होता म्हणून नाही. हरलेल्याने तक्रार करायची नाही, शब्द पाळायचा, ही चांगल्या खेळाडूची रीत त्याने अखेरपर्यंत सोडली नाही. तीच रीत आपण पोरांना शिकवतो. हरल्यावर कोणी हुज्जत घातली तर आपण त्याला ‘रडीचा डाव’ म्हणून चिडवतो, चिडका बिब्बा म्हणतो. हसत हरायला शिकवण्याचा मी एवढा कैवारी, आणि त्या सभेत हसत हरणं हेच पाप होतं. मला दोन्ही हवंय. आपल्यावर उलटलेला नियम पाळता यावा, आणि नियमच वाकडा असेल तर पट उधळून विचारता यावं. एकाच पोराला एकाच डावात ही दोन्ही कशी शिकवायची, ते मला सांगता येत नाही.

शंकेखोर : आणि रडीचा डाव कुठला, खरा प्रश्न कुठला, हे त्या क्षणी ठरवणार कोण? जिंकलेला?

खेळिया : त्याला तर मुळीच ठरवू द्यायचं नाही. पण हरलेल्याच्या शब्दावर सोडलं, तर एक तरी डाव पुरा होईल का?